तेल का गोठलं, आजी?

(गोवंडी येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज पाटी-वही बाजूला ठेवा. आज वाचायचे नाही, ऐकायचे आहे. थंडीचे दिवस आहेत, तेव्हा थंडीविषयीच बोलू. थंडी, आणि तुमच्या घरातली तीन-चार-पाच वर्षांची पोरे. एवढाच आजचा विषय.

हा विषय कसा निघाला ते सांगतो. मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर आपल्यातल्या एक मावशी मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मी आता बसवरचा नंबर वाचते. रेशनकार्डावरचं माझं नाव वाचते. पण काल नातवानं विचारलं, आजी, बाटलीतलं तेल का गोठलं? मी म्हटलं, थंडीनं. तर तो म्हणतो, मग भाजीचं तेल का नाही गोठलं? त्याला थंडी वाजत नाही का? आता याला काय सांगू? मी लहानपणी शाळेत गेले असते, तर सांगितलं असतं."

मी त्यांना म्हटले, "पुढच्या आठवड्यात सांगतो, आणि सगळ्यांसमोर सांगतो." तो प्रश्न माझ्या जुन्या ओळखीचा होता.

मी स्वतः मॅट्रिक झालेला माणूस. त्यावर मास्तरकीचे शिक्षण घेतले आणि प्राथमिक शाळेत शिकवीत राहिलो. नोकरीची पहिली पहिली वर्षे होती. असाच पौष महिना. पहिलीच्या वर्गातल्या एका मुलाने हाच प्रश्न विचारला. मी सांगितले, "थंडीने गोठते." तो म्हणाला, "गुरुजी, मग आमच्या घरचं गोडं तेल का नाही गोठत?" मला उत्तर येत नव्हते. येत नाही असे म्हणायची लाज वाटली. चाळीस पोरांसमोर मास्तरालाच येत नाही म्हणजे काय! मी पट्टी टेबलावर आपटली आणि ओरडलो, "आगाऊपणा करू नकोस, खाली बस."

तो खाली बसला. पुढे वर्षभरात त्याने मला दुसरा प्रश्न विचारला नाही. पाठ केलेले सगळे घडाघडा म्हणून दाखवी. पण बोट म्हणून वर करीत नसे. त्याला आता चाळीस वर्षे होत आली. त्या मुलाचे खाली गेलेले बोट मला अजून दिसते.

तेव्हा मावशी, तुम्ही माझ्यापेक्षा शहाण्या. तुम्ही नातवाला गप्प बसवले नाही. तुम्ही विचारायला आलात.

आता तेलाचे बघू.

प्रत्येक वस्तूचे आपापले एक माप असते. तेवढी थंडी पडली की ती गोठते. खोबरेल तेलाचे माप सुमारे २४ अंश आहे. अंश म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा. आपल्या अंगाची उष्णता साधारण ३७ अंश असते. त्यावरून अंदाज करा. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा २० अंशांच्याही खाली उतरते, म्हणून खोबरेल गोठते. गोड्या तेलाला, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाला, गोठायला याहून पुष्कळ जास्त थंडी लागते. तेवढी थंडी मुंबईत पडत नाही. मुंबईतली नोंदलेली सर्वांत कडक थंडी सांताक्रूझच्या हवामान केंद्रावरची आहे. २२ जानेवारी १९६२ रोजी तिथे पारा ७.४ अंशांवर आला होता. पाणी गोठायला तर शून्य अंश लागतो. तो आकडा मुंबईच्या हवेने पाहिलेला नाही.

उलट मेणबत्तीचे मेण घ्या. ते भर मे महिन्यातही गोठलेलेच असते! त्याचे माप इतके वरचे आहे की त्याला उन्हाळाही थंडच. तूप कधी पातळ, कधी घट्ट. म्हणजे गोठणे ही काही फक्त बर्फाची गोष्ट नाही. हे मला मास्तर झाल्यावर कळले. सांगायला लाज कसली?

पण मंडळी, हे भाषण नातवाला देऊ नका. चार वर्षांच्या पोराला २४ अंश कळत नाहीत. त्याला दाखवायचे असते. तीन वाट्या घ्या. एकीत थोडे खोबरेल तेल, दुसरीत गोडे तेल, तिसरीत पाणी. रात्री निजताना पोराच्याच हाताने खिडकीजवळ ठेवा, आणि विचारा, "सकाळी कोण गोठेल सांग?" ते काहीही सांगेल. सांगू द्या. चूक म्हणू नका. सकाळी उठल्याबरोबर ते धावत जाऊन बघेल. वाटीत बोट घालील. घालू द्या. मग खोबरेलाची वाटी त्याच्या दोन्ही तळव्यांत धरायला द्या. हाताच्या उबेने तेल कडेकडेने सुटू लागते. "माझ्या हातानं वितळलं!" असे म्हणताना पोराचे तोंड बघा. मला पगारवाढीच्या दिवशीही तेवढा आनंद झाला नव्हता.

आणखी एक गंमत. अर्धे वितळलेले तेल नीट बघायला सांगा. गोठलेला गोळा पातळ तेलात तळाशी बसतो. आणि बर्फ? बर्फ पाण्यावर तरंगतो. बहुतेक पदार्थ गोठले की जड होऊन खाली जातात, पाणी मात्र गोठले की हलके होते. पाण्याच्या या वेगळेपणामुळेच थंड मुलखातली तळी वरून गोठतात, आणि खाली पाणी राहते. त्या पाण्यात मासे जगतात. तळे बुडापासून गोठले असते, तर मासे कुठे गेले असते?

आता मोठ्यांचे काम. भिंतीवर कॅलेंडर असतेच. त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने लिहा, "गोठले" किंवा "नाही गोठले". पोराने बघायचे, आणि आईने, बापाने, आजीने लिहायचे. महिनाभर असे करा. मग त्या पानावर तुमच्या घरच्या थंडीचा हिशेब तयार होईल. वेधशाळेतली माणसे वेगळे काय करतात? तीही रोज ठरल्या वेळी बघतात आणि लिहून ठेवतात. १९६२ सालचा तो आकडा आज आपल्याला कळतो, कारण त्या पहाटे कुणीतरी तो लिहिला.

कुणी म्हणेल, एवढ्याशा पोरांना हे सगळे कशाला? शाळेत गेल्यावर शिकतील की. आणि शिकवायचे तर रंगीत खेळणी हवीत, फीवाली बालवाडी हवी. आपल्याकडे काय आहे?

याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच फार पूर्वी दोन बायकांनी देऊन ठेवले आहे. एक ताराबाई मोडक, दुसऱ्या अनुताई वाघ. १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी त्यांनी लहान मुलांसाठी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्या वेळी लहान मुलांची शाळा म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांची चैन असे. तिथली साधने महाग. ताराबाई म्हणाल्या, आमच्या वारली पोरांना ती परवडायची नाहीत. मग त्यांनी पाने, फुले, बिया, खडे, शिंपले, माती घेतली. त्यांवरच पोरे मोजायला शिकली, रंग ओळखायला शिकली. पोरे शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. आज आपण गल्लोगल्ली अंगणवाडी पाहतो. सरकारची ती योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पण अंगणात शाळा भरते, हे ताराबाईंनी त्याच्या कितीतरी आधी दाखवले होते.

म्हणून म्हणतो, घरात वाटी आहे, गोधडी आहे, दारात ऊन पडते. एवढे पुरे.

गोधडी म्हटल्यावर आठवले. आता मी तुम्हांलाच एक प्रश्न विचारतो. बर्फाचे दोन सारखे खडे घेतले. एक ताटलीत उघडा ठेवला. दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून जाड गोधडीत गुंडाळला. कोणता आधी वितळेल?

परवा मी हाच प्रश्न इथल्या चार जणांना विचारला. तिघे म्हणाले, गोधडीतला. गोधडी ऊब देते, तर बर्फ लवकर वितळणारच. चौथे एक दादा हसले. म्हणाले, "गुरुजी, मी मासळी बाजारात हमाली करतो. बर्फ गोणपाटात गुंडाळला तर टिकतो." बघा! पुस्तक न वाचता त्यांना उत्तर ठाऊक, कारण त्यांनी ते रोज हाताने केले आहे.

उघडा खडा आधी वितळतो. गोधडीतला मागाहून. कारण गोधडी ऊब देतच नाही. गोधडीत काही चूल पेटलेली नसते. ती फक्त अडवते. बाहेरची ऊब आत जाऊ देत नाही, म्हणून बर्फ टिकतो. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आपण उबदार राहतो. ऊब आपल्याच अंगाची असते. गोधडी म्हणजे पहारेकरी. गोधडीच्या थराथरांत हवा अडकलेली असते, आणि अडकलेल्या हवेतून ऊब सहज पळत नाही. म्हणूनच पोराला एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातले, तर जास्त ऊब राहते. स्वेटर नसला तर हे लक्षात ठेवा.

याच युक्तीवर एकेकाळी मोठा व्यापार चालला. बर्फाची यंत्रे आपल्याकडे नव्हती, तेव्हाची गोष्ट. अमेरिकेत हिवाळ्यात तळी गोठत. तो बर्फ करवतीने कापून जहाजात भरत, आणि भोवती लाकडाचा भुसा दाबत. १८३३ सालच्या मे महिन्यात बॉस्टन बंदरातून असे एक जहाज निघाले. चार महिने समुद्रातून, उन्हातून, आफ्रिकेला वळसा घालून ते कलकत्त्याला पोचले. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता. पोचला तेव्हा १०० टन उरला होता! भुशाच्या थरात अडकलेल्या हवेने ही करामत केली. पुढे मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला, आणि तो साठवायला कोटात बर्फघर बांधले गेले. म्हणजे मासळी बाजारातल्या आपल्या दादांचे गोणपाट आणि ते जहाज यांची अक्कल एकच.

हा प्रयोग घरी जरूर करा. फ्रिज असलेल्या शेजारणीकडून दोन खडे मागून आणा, नाहीतर गोळेवाल्याकडून घ्या. पोराला आधी विचारा, कोणता आधी जाईल? ते गोधडीतला म्हणेल. मग दर थोड्या वेळाने उघडे बर्फ बघायला सांगा. गोधडी मात्र सारखी उघडू देऊ नका. हे सांगणे सोपे आहे, पाळणे कठीण. माझ्या नातीने पाच मिनिटांत सात वेळा गोधडी उघडली, आणि मग दोन्ही खडे बरोबरच संपले. प्रयोग फसला. दुसऱ्या दिवशी तिला म्हटले, आज गोधडीवर तू स्वतःच पहारा कर. तेव्हा कुठे तो साधला.

बर्फ आणलाच आहे, तर आणखी एक करून घ्या. स्टीलच्या पेल्यात पाणी घाला, त्यात बर्फ टाका. थोड्या वेळाने पेल्याला बाहेरून घाम येतो. पोर म्हणेल, पेला गळतो. मोठी माणसेही असे म्हणताना मी ऐकली आहेत. मग पाण्यात हळद टाका. पाणी पिवळे झाले. आता बाहेरचा ओलावा पांढऱ्या फडक्याने पुसा. फडके पिवळे होते का? नाही. म्हणजे ते पाणी आतले नव्हे. ते हवेतले आहे. हवेत पाण्याची वाफ असते, आपल्याला दिसत नाही. गार पेल्याला ती लागली की तिचे थेंब होतात. आरशावर हा:: करून श्वास सोडला की आरसा धुकट होतो, तेही हेच. गावाकडे सकाळी गवतावर दव पडते, तेही हेच. दव आभाळातून पडत नाही, जवळच्याच हवेतून जमते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडक थंडीच्या पहाटे तेच दव गोठते आणि गवतावर पांढरा चुरा दिसतो. वर्तमानपत्रात त्याचे फोटो येतात. आता तुम्हांला खालच्या ओळीही वाचता येतील.

तुमच्यापैकी पुष्कळजण गावाकडून आलेले. एक गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. हिवाळ्यात पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते, आणि उन्हाळ्यात तेच गार लागते. खरे तर जमिनीच्या पोटातले पाणी वर्षभर जवळजवळ सारखेच असते. बदलते ती वरची हवा, आणि फसतो तो आपला हात. हे पोराला दाखवायचे तर तीन भांडी मांडा. एकात गार पाणी, एकात सोसेल इतके कोमट, मध्ये साधे. कोमट पाणी आधी आपल्या कोपराने तपासा. पोराचा एक हात गार पाण्यात, एक कोमट पाण्यात. वीसपर्यंत आकडे म्हणा. मग दोन्ही हात मधल्या भांड्यात. एक हात म्हणतो पाणी गरम, दुसरा म्हणतो गार. पाणी तर एकच! पोरे हसून लोळतात.

ऊन आणि सावली यांना तर काही सामानच लागत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून दुपारीही सावली लांब पडते. २१-२२ डिसेंबरला मुंबईत दिवस सर्वांत लहान, सुमारे ११ तासांचा. जूनमध्ये तोच सव्वातेरा तासांचा होतो. त्या डिसेंबरच्या दिवसांत दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारास पोराला उन्हात उभे करा. सावलीच्या टोकाशी खडूची रेघ ओढा. मग पोराला त्या सावलीवरच आडवे झोपवा. सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी भरते, अगदी थोडी कमी. हेच मे महिन्याच्या मध्याला करा. मुंबईत त्या सुमारास एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि सावली पायाखाली नाहीशी होते. पोर विचारेल, माझी सावली कुणी नेली? तेव्हा खडूची जुनी रेघ दाखवा.

आपल्या गल्ल्या अरुंद आहेत, हे मला ठाऊक आहे. काही घरांत वर्षभर उन्हाची तिरीप येत नाही. अशांनी पोराला मैदानात न्यावे. त्यानिमित्ताने पोराच्या अंगाला ऊनही लागेल.

संक्रांतीला आपण काळे कपडे घालतो. काळा रंग ऊन जास्त पितो, हे दोन वाट्यांत पाणी ठेवून, एकीवर काळे आणि एकीवर पांढरे फडके घालून, तासाभराने बोट बुडवून बघता येते. आणि हार्बर लाईनने वाशीला जाणे झाले, तर मानखुर्दच्या पुढे खाडीचा पूल लागतो. पोराला खिडकीशी बसवा. ओहोटीच्या वेळी हिवाळ्यात त्या चिखलात लांब पायांचे गुलाबी पक्षी दिसू शकतात. त्यांना रोहित म्हणतात. ते जे खातात त्यातूनच त्यांच्या पिसांना तो रंग येतो. २०१५ साली ठाण्याच्या खाडीचा काही भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिकीट काढून लोक लांबून ते पाहायला येतात, आणि आपण डब्यात डुलक्या काढीत जातो.

आता थोडे कडू बोलतो. थंडीत आपल्या गोवंडीत सकाळी धूर खाली बसलेला असतो. तुम्ही रोज बघता. तो वर का जात नाही? रात्री जमीन निवते. तिच्यालगतची हवा गार होते. गार हवा जड, ती खालीच राहते. तिच्या वरची हवा त्या मानाने उबदार असते. मग ती वरची हवा झाकणासारखे काम करते. चुलीचा, गाड्यांचा, जळत्या कचऱ्याचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन चढले, जमीन तापली, की झाकण उघडते. देवनारच्या मैदानावर १९२७ सालापासून मुंबईचा कचरा पडत आला. २०१६ सालच्या जानेवारीत त्या कचऱ्याला मोठी आग लागली. तो धूर आकाशातल्या उपग्रहांनी टिपलेल्या फोटोंतही दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो महिना थंडीचा होता, हे ध्यानात घ्या.

हेही पोराबरोबर बघता येते. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पांढऱ्या बाजूला खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. अशा दोन पत्रिका करा. एक खिडकीबाहेर टांगा, दुसरी पत्र्याच्या पेटीत ठेवा. तीन दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवा. बाहेरची काळवंडलेली दिसेल. एका ताईंनी गेल्या वर्षी हे केले. त्यांचा मुलगा सारखा खोकत असे. पत्रिका बघून तो आईला म्हणाला, "हे माझ्या नाकात जातं का?" ताई मला सांगताना रडल्या. पण रडून थांबल्या नाहीत. ऊन चढल्याशिवाय पोराला बाहेर खेळायला सोडायचे नाही, असे त्यांनी ठरवले. पोराला दवाखान्यात नेले. आणि गल्लीच्या तोंडाशी पहाटे टायर आणि प्लास्टिक जाळून शेकत बसणाऱ्या पोरांना ती पत्रिका नेऊन दाखवली. ती पोरे लगेच ऐकली असे नाही. पण टायर जाळणे बंद झाले. लाकडे अजून जळतात.

शेकण्यावरून एक महत्त्वाची गोष्ट. ही नीट ऐका. थंडी फार झाली म्हणून पेटती शेगडी खोलीत घेऊन, दार-खिडकी लावून कुणीही झोपू नका. मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घाला, थोड्याच वेळात ज्योत विझते. ज्योतीला हवेतला प्राणवायू लागतो. हा प्रयोग मोठ्या माणसाने करायचा, पोराने हात मागे बांधून लांबून बघायचे. बंद खोलीतही असेच होते. शेगडी आणि माणूस एकाच हवेवर जगतात. शिवाय हवा कमी पडली की कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला जाग येत नाही. दर हिवाळ्यात कुठे ना कुठे अशी माणसे जातात. तेव्हा शेगडी दाराबाहेर, नाहीतर दार सताड उघडे.

मावशी, तुमच्या नातवाला आता काय सांगायचे ते कळले ना? आणि उद्या त्याने असे काही विचारले की जे तुम्हांलाही येत नाही आणि मलाही येत नाही, तर सरळ म्हणा, "मला नाही रे माहीत. चल, करून बघू." मी चाळीस पोरांसमोर हे वाक्य म्हणू शकलो नाही. तुम्हांला तर एकाच पोरासमोर म्हणायचे आहे.

पुढच्या सोमवारी प्रत्येकाने कॅलेंडरवरचा आठवड्याचा हिशेब वहीत उतरवून आणा. वार, तारीख, आणि "गोठले" की "नाही गोठले", एवढेच. पत्र्याच्या छपराखाली राहणारे आणि इमारतीत राहणारे, असे दोन भाग फळ्यावर करू. कुणाचे तेल जास्त दिवस गोठले ते मोजू. मला अंदाज आहे, पण आज सांगत नाही. "गोठले" हा शब्द लिहिताना ठ ला ट करू नका. मागच्या चाचणीत सात जणांनी केला होता. आणि ज्यांच्या घरी पोरे आहेत, त्यांनी ती बरोबर आणली तरी चालेल. सतरंजी मोठी आहे.